ठिबक कंट्रोलरचा कर्नल: टायमर ड्रायव्हर मेन्यूकॉन्फिगमधून निवडता येईल असा कसा करायचा?

ठिबक_मोर्शी

संत्र्याच्या बागांसाठी ठिबकचा कंट्रोलर आहे. व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं, खताच्या पंपाची वेळ सांभाळणं, पाण्याच्या मीटरचे पल्स मोजणं, एवढंच काम. पण बोर्ड दोन आहेत. जुन्यावर एका कोरचा कॉर्टेक्स-ए८, नव्यावर दोन कोरांचा कॉर्टेक्स-ए७. चिप एकाच घराण्यातल्या, म्हणून टायमर ब्लॉक दोन्हींत सारखा: ३२ बिटांचा, २४ मेगाहर्ट्झवर चालणारा, उलटा मोजणारा. शिवाय ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा एक वेगळा टायमर. ए७ मध्ये आर्मचा स्वतःचा आर्किटेक्टेड टायमर आहे तो आणखी निराळा.

चिपसोबत मिळालेला लिनक्स कर्नल ४.४ चा. त्यात टायमरचा कोड आर्च/आर्म/मॅक-एक्सवाय या फोल्डरात आणि मेकफाइलमध्ये सरळ ऑब्ज-वाय, म्हणजे नेहमीच कंपाइल होणारा. (चिपचं नाव इथे एक्सवाय धरा. मोबाइलवरून लिहितोय, म्हणून सिम्बॉल, फाइली, कमांड सगळं देवनागरीतच.) आता हे ६.१२ वर न्यायचंय. त्याच हाताने टायमर ड्रायव्हर ड्रायव्हर्स/क्लॉकसोर्समध्ये हलवून त्याला केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय मांडणाऱ्या फाइलींत) स्वतःचा पर्याय द्यायचाय.

हवं आहे ते असं. एकाच ट्रीतून, जमल्यास एकाच झेडइमेजवर (बूट होणारी कर्नलची फाइल), दोन्ही बोर्ड चालावेत. २४ मेगाहर्ट्झचा टायमर घ्यायचा की ३२ किलोहर्ट्झचा, हे मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नल बनवण्याआधी पर्याय निवडायचा मेन्यू) निवडता यावं, कारण लाइन नसते तेव्हा बोर्ड सोलरच्या बॅटरीवर असतो आणि रात्र त्यावरच काढायची असते. तिसरं म्हणजे साध्या एक्स८६ लॅपटॉपवर ड्रायव्हर कंपाइल होतो का, हे बोर्ड न जोडता तपासता यावं.

केकॉन्फिगमध्ये शेजारी असलेल्या सन४आय टायमरची नोंद पाहून तशीच एक्सवाय_टायमर नावाची लिहिली आहे. डीफकॉन्फिगमध्ये (बोर्डाच्या ठरलेल्या पर्यायांची यादी) कॉन्फिग_एक्सवाय_टायमर=वाय घातलं. मेक ओल्डडीफकॉन्फिग चालवलं की .कॉन्फिगमधून ती ओळ गायब. इशारा नाही, एरर नाही. त्या कर्नलवर ए८ बोर्ड 'कॅलिब्रेटिंग डिले लूप...' या ओळीवर थांबतो, ए७ मात्र व्यवस्थित बूट होतो. हे असं का, आणि ही रचना नीट कशी करायची?


जिफी_वर्धा

दोन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे. सन४आयची नोंद पुन्हा वाचा: बूल "सन४आय टायमर ड्रायव्हर" इफ कम्पाइल_टेस्ट. शेवटचं 'इफ कम्पाइल_टेस्ट' फक्त प्रॉम्प्टला लागू होतं, सिम्बॉलला नाही. कम्पाइल_टेस्ट (दुसऱ्या यंत्रावर नुसतं कंपाइल तपासायचा पर्याय) बंद असेल तर प्रॉम्प्ट दिसत नाही, आणि ज्याचा प्रॉम्प्ट दिसत नाही त्याला .कॉन्फिगमध्ये हाताने दिलेली किंमत केकॉन्फिग जुमानत नाही. अशा सिम्बॉलची किंमत ठरते ती डिफॉल्टवरून किंवा दुसऱ्या सिम्बॉलने केलेल्या सिलेक्टवरून, म्हणजे सक्तीने चालू करण्यावरून. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, म्हणून ती 'एन' झाली, ओळ गळाली आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये आलाच नाही.

ए८ ला दुसरा टायमर माहीत नाही, त्यामुळे टिक (टायमरचा ठरावीक वेळाने येणारा इंटरप्ट) येत नाही. कॅलिब्रेट_डिले जिफीज (टिकांची मोजणी) बदलायची वाट पाहत तिथेच फिरत राहतो. ए७ ला आर्किटेक्टेड टायमर मिळाला म्हणून तो सुटला. एलपीजे= देऊन ती ओळ ओलांडता येते, पण पुढे पहिल्या टाइमआउटला पुन्हा तेच. त्यात वेळ घालवू नका.

आता रचनेचं. टायमर नसलेला कर्नल कोणालाच नको असतो. मग तो बंद करायचं बटण वापरणाऱ्याच्या हातात द्यायचंच कशाला? ड्रायव्हर्स/क्लॉकसोर्समधल्या बहुतेक नोंदी याच हिशेबाने लिहिल्या आहेत: प्लॅटफॉर्म गुपचूप सिलेक्ट करतो, आणि प्रॉम्प्ट दिसतो तो फक्त कंपाइल तपासणाऱ्याला. २०१६ च्या सुमारास कर्नलचा टायमर विभाग सांभाळणाऱ्या डॅनियल लेझकानो यांनी एकेका ड्रायव्हरला ही पद्धत लावत नेली; त्याआधी बरेच टायमर तुमच्यासारखेच आर्च_अमुक या सिम्बॉलला थेट बांधलेले होते. तुमची नोंद अशी होईल:

कॉन्फिग एक्सवाय_टायमर
    बूल "एक्सवाय टायमर ड्रायव्हर" इफ कम्पाइल_टेस्ट
    डिपेंड्स ऑन हॅज_आयओमेम
    सिलेक्ट क्लकएसआरसी_एमएमआयओ
    सिलेक्ट टायमर_ओएफ
    हेल्प
      एक्सवाय चिपमधल्या ३२ बिटांच्या टायमरसाठी.

मेकफाइलमध्ये ऑब्ज-$(कॉन्फिग_एक्सवाय_टायमर) += टायमर-एक्सवाय.ओ. आणि आर्च/आर्म/मॅक-एक्सवाय/केकॉन्फिगमध्ये आर्च_एक्सवायखाली दोन ओळी: सिलेक्ट एक्सवाय_टायमर, सिलेक्ट हॅव_आर्म_आर्च_टायमर. झालं. डीफकॉन्फिगमध्ये टायमरचं नावही घ्यायची गरज नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये '/' दाबून एक्सवाय_टायमर शोधलं की 'सिलेक्टेड बाय [वाय]' खाली आर्च_एक्सवाय दिसायला हवं. ते दिसलं नाही तर पुढे जाऊ नका.

एक झेडइमेज, दोन बोर्ड, हे काम केकॉन्फिगचं नाहीच, डिव्हाइस ट्रीचं (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलचं) आहे. दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्ये असू द्या. बूट होताना टायमर_प्रोब डिव्हाइस ट्रीतला एकेक नोड टायमर_ओएफ_डिक्लेअरने बनलेल्या टेबलाशी ताडतो आणि जुळला तरच त्या ड्रायव्हरचं इनिट फंक्शन बोलावतो. ए७ च्या फाइलमध्ये 'आर्म,आर्मव्ही७-टायमर' नोड असेल, ए८ च्या फाइलमध्ये नसेल. तो नोड ए८ मध्ये कॉपी-पेस्ट होऊ देऊ नका: त्या कोरमध्ये ते रजिस्टरच नाहीत, वाचायला गेलं की अनडिफाइन्ड इन्स्ट्रक्शन, आणि तेही कन्सोल उठायच्या आधी. ऑलविनरचा ए१० (कॉर्टेक्स-ए८) आणि ए२० (कॉर्टेक्स-ए७) ही नेमकी तुमचीच जोडी आहे. मॅक-सनएक्सआय उघडून समोर ठेवा, निम्मं काम तिथेच दिसेल.

४.४ वरून येताना तीन ठिकाणी अडेल. ४.४ मध्ये मॅक्रोचं नाव क्लॉकसोर्स_ओएफ_डिक्लेअर आणि इनिट फंक्शन व्हॉइड. ४.८ पासून ते इंट परत करतं, आणि ४.१३ मध्ये नाव टायमर_ओएफ_डिक्लेअर झालं. सायकल_टी हा टाइप ४.१० मध्ये गेला, आता यू६४. सेटअप_आयआरक्यू उरलेलं नाही, रिक्वेस्ट_आयआरक्यू वापरा. बेस, क्लॉक, आयआरक्यू हे तिन्ही स्वतः उघडण्यापेक्षा टायमर-ओएफ.एचमधलं टायमर_ओएफ_इनिट घ्या, पन्नासेक ओळी वाचतात.

काउंटर उलटा आहे म्हणून क्लॉकसोर्स_एमएमआयओ_इनिटला क्लॉकसोर्स_एमएमआयओ_रीडएल_डाउन द्यायचं, बिट ३२. तिथे रीडएल_अप दिलं तर कंपाइलर काही म्हणत नाही, पण घड्याळ वेड्यासारखं वागतं आणि दोष बॅटरीला नाहीतर आरटीसीला दिला जातो.

पॅच पाडताना एक पथ्य: मेकफाइलमध्ये नवा सिम्बॉल आणि मॅक-एक्सवायमधला सिलेक्ट एकाच कमिटमध्ये असू द्या. वेगळे केलेत तर मधल्या कमिटवर टायमर नसलेला कर्नल तयार होतो आणि उद्या गिट बायसेक्ट करणाऱ्याला (दोष कोणत्या कमिटने आला ते शोधणाऱ्याला) तिथे भलताच दोष सापडतो.


पऱ्हाटी३२

वरचं सगळं बरोबर हाय. मी फक्त २४ मेगा का ३२ किलो, यावर बोलतो, कारण तो निर्णय मेन्यूकॉन्फिगात घालाचाच नाई भाऊ.

पह्यले आकडे पाहा. ३२ बिटाचा काउंटर २४ मेगाहर्ट्झवर साधारण १७९ सेकंदात एक फेरा पुरा करते. कर्नल त्याच्यात राखीव जागा ठेवते, म्हणून बूट लॉगमंदी मॅक्स_आयडल_एनएस सुमारे ७९.६ सेकंद दिसन. म्हणजे नो_एचझेड_आयडल (काम नसलं की टिक थांबवाचा पर्याय) चालू असलं तरी सीपीयूले तेवढ्या वेळात एकदा तरी उठाच लागते. ३२.७६८ किलोवर तोच ३२ बिटाचा काउंटर १,३१,०७२ सेकंद, म्हणजे ३६ तासाच्या वर चालते. बॅटरीले हा बरा. पण त्याची एक पायरी ३०.५ मायक्रोसेकंदाची. क्लॉक_गेटटाइम दोनदा लागोपाठ वाचलं तर तोच आकडा दोन्ही वेळा येईन. व्हॉल्व्हले त्याचं काही नाई, पण ट्रेसिंग, नेटवर्कचे टाइमस्टॅम्प, सगळं जाडंभरडं होऊन जाते.

मंग कराचं काय? दोन्ही नोंदवा आन् रेटिंगनं क्रम लावा. क्लॉकसोर्स.एचमंदीच लिहेल हाय: १ ते ९९ नुसतं बूटापुरतं, १०० ते १९९ कामचलाऊ, २०० ते २९९ चांगलं, ३०० ते ३९९ पाह्यजे तसं, ४०० ते ४९९ उत्तम. आर्किटेक्टेड टायमरचं क्लॉकसोर्स रेटिंग ४०० हाय, सन४आयचं ३५०. तुमच्या २४ मेगावाल्याले ३०० च्या वर पण ४०० च्या खाली ठेवजा, ३२ किलोवाल्याले २०० च्या आसपास. ए७ वर आपोआप आर्मवाला जिंकन, ए८ वर २४ मेगावाला. कोणाले बदलाचंच असन तर बूट लायनीत क्लॉकसोर्स=एक्सवाय-३२के, नाईतर चालत्या बोर्डावर /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स या फाइलीत नाव इको करा. बाजूच्या अव्हेलेबल_क्लॉकसोर्समंदी कोणते कोणते हायेत ते दिसते. त्याच्यासाठी कर्नल पुन्हा बनवाची गरज काऊन?

आता रात्रीची झोप. इथं क्लॉकसोर्स आन् क्लॉकइव्हेंट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. क्लॉकसोर्स वेळ सांगते, क्लॉकइव्हेंट वेळेवर उठवते. डीप आयडलमंदी २४ मेगाचं घड्याळ बंद पडत असन तर त्याच्या क्लॉकइव्हेंटले क्लॉक_ईव्हीटी_फीट_सी३स्टॉप हे फीचर लावाच लागते. नाई लावलं तर सीपीयू झोपन आन् उठवाले कोणी राह्यनार नाई. लावलं की कर्नल दुसऱ्या टायमरले ब्रॉडकास्ट डिव्हाइस म्हणून धरते. त्या जागेवर ३२ किलोवाला बसवा, त्याले मात्र सी३स्टॉप लावू नका. आर्मवर ब्रॉडकास्टचा कोड एसएमपी (अनेक कोर चालवाचा पर्याय) चालू असन तेव्हाच कर्नलात येते. तुमची एकच इमेज ए७ साठी बी हाय म्हणून एसएमपी चालूच राहीन, ए८ ले त्याचा फुकटात फायदा. पण कोणी नुसत्या ए८ साठी एसएमपी बंद करून बारकी इमेज काढली तर हे सगळं गळून पडन, एवढं ध्यानात असू द्या.

एक बारीक गोष्ट सुटते नेहमी. क्लॉकइव्हेंट्स_कॉन्फिग_अँड_रजिस्टरले मिन_डेल्टा (कमीत कमी किती पायऱ्या पुढचं उठवणं लावता येते) द्या लागते. ३२ किलोच्या टायमरमंदी रजिस्टरात लिहिलेला आकडा हळू घड्याळाकडं पोचाले दोन-तीन पायऱ्या जातात. मिन_डेल्टा १ ठेवला तर कंपेअर व्हॅल्यू निघून गेल्यावर पोचते आन् इंटरप्ट पुऱ्या एका फेऱ्यानं येते, म्हणजे दीड दिवसानं. ओमॅपच्या ड्रायव्हरमंदी ३ हाय. तुमच्या डेटाशीटमंदी सिंक्रोनायझेशनचा आकडा पाहून त्याच्याहून कमी ठेवू नका.

आन् आपल्या इकडच्या उन्हाचं. ३२.७६८ चे क्रिस्टल ट्यूनिंग फोर्कचे असतात, त्याइचा सरक २५ अंशापासून जितकं दूर जाल तितक्या वर्गानं वाढते, प्रति अंश वर्ग साधारण ०.०३४ पीपीएम (दहा लाखात एवढा भाग), आन् नेहमी मांगंच पडते. मे महिन्यात बांधावरच्या बंद डब्यात ६५ अंश झाले तर ४० चा वर्ग १६००, म्हणजे ५४ पीपीएम. दिवसभर तसंच राह्यलं तर पावणेपाच सेकंद मांगं. २४ मेगाचा साधा ±३० पीपीएमचा क्रिस्टल दिवसाले फार तर २.६ सेकंद चुकन. ठिबकले दोन्ही चालते म्हणा. पण दोन बोर्डाचे लॉग एकमेकाले जुळवाचे असन तर एनटीपी नाईतर जीपीएस पाह्यजेच, नुसतं रेटिंग बदलून भागनार नाई.


ठिबक_मोर्शी

दोघांचेही आभार. सिलेक्ट घातल्यावर ओळ टिकली. रेटिंगचंही पटलं, मेन्यूत निवड ठेवत नाही.

एक्स८६ वर कंपाइल करताना मात्र रांगच लागली: असेम/मॅक/टाइम.एच सापडत नाही, रजिस्टर_करंट_टायमर_डिले ओळखत नाही, आणि पॉइंटर यू३२ मध्ये कोंबल्याचे इशारे. ऑलमॉडकॉन्फिग (जवळपास सगळेच ड्रायव्हर घेणारी बिल्ड) पूर्ण बनवायला लॅपटॉपला फार वेळ लागतो आणि मध्येच लाइन जाते. छोटा मार्ग आहे का?


वाशिम_बिल्ड

आहे. पण कम्पाइल_टेस्टकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते आधी वेगळं करा.

तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या दोषांच्या आहेत, एक्स८६ च्या खोड्या नाहीत. असेम/मॅक/टाइम.एच ही आर्मच्या पोटातली हेडर, ड्रायव्हर्स फोल्डरातल्या फाइलला तिची गरज नसते. काढून टाका आणि काय अडतं ते पाहा. रजिस्टर_करंट_टायमर_डिले आणि स्ट्रक्ट डिले_टायमर फक्त ३२ बिट आर्मवर आहेत, तेवढा तुकडा इफडेफ कॉन्फिग_आर्ममध्ये ठेवा. त्यासाठी अख्ख्या सिम्बॉलला 'डिपेंड्स ऑन आर्म' लावायचा मोह होईल. तो लावला की एक्स८६ वर तपासायचा हेतूच संपला. पॉइंटरचं तर उघड आहे: ३२ बिटांवर निभावून जाणारा कास्ट ६४ बिटांवर अर्धा पत्ता खातो. व्हॉइड __आयओमेम * ठेवा आणि मेक सी=१ ने स्पार्स (कोड तपासणारं साधन) चालवा, बाकीचे तो दाखवेल.

छोटा मार्ग असा:

मेक आर्च=एक्स८६_६४ ऑलनोकॉन्फिग
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग -ई कम्पाइल_टेस्ट -ई ओएफ -ई एक्सवाय_टायमर
मेक आर्च=एक्स८६_६४ ओल्डडीफकॉन्फिग
ग्रेप एक्सवाय_टायमर .कॉन्फिग
मेक आर्च=एक्स८६_६४ डब्ल्यू=१ -जे४ व्हीएमलिनक्स

ग्रेपची पायरी गाळू नका. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग हे नुसतं फाइलमध्ये ओळ लिहितं, अवलंबित्व तपासत नाही. ओल्डडीफकॉन्फिगनंतर ओळ उरली तरच ती खरी. आर्च=एक्स८६_६४ स्पष्ट लिहा, कारण नुसत्या ऑलनोकॉन्फिगमध्ये '६४ बिट' हाही एक पर्यायच असतो, तोही 'नो' होतो आणि तुम्ही नकळत ३२ बिटांचा कर्नल तपासता. एवढा बारका कर्नल साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांत होतो.

मेक ड्रायव्हर्स/क्लॉकसोर्स/ असं फक्त फोल्डर बनवता येतं, रोजच्या कामाला ते पुरे. पण त्यात लिंकिंग होत नाही. हा ड्रायव्हर बूल आहे, मॉड्यूल नाही, म्हणून 'अनडिफाइन्ड रेफरन्स' प्रकारचे एरर व्हीएमलिनक्स (पूर्ण कर्नल) जोडतानाच बाहेर येतात. पॅच पाठवण्याआधी एकदा पूर्ण लिंक कराच.

उलट दिशेचा सापळा जास्त फसवा आहे. यू६४ ला '/' ने भागलेलं एक्स८६_६४ वर बिनतक्रार चालतं आणि ३२ बिट आर्मवर लिंक करताना __एईएबीआय_यूएलडिव्हमॉड सापडत नाही म्हणून अडतं. डिव्ह_यू६४ वापरा. म्हणून ६४ बिटांनंतर त्याच पाच पायऱ्या आर्च=आय३८६ ने आणि शेवटी क्रॉस कंपाइलरने मल्टी_व्ही७_डीफकॉन्फिगवर करा.

'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' असा इशारा दिसला तर त्याला एररच समजा. सिलेक्ट हा समोरच्याचं डिपेंड्स ऑन पाहत नाही, जबरदस्तीने 'वाय' करतो. उद्या एक्सवाय_टायमरला तुम्ही 'डिपेंड्स ऑन कॉमन_क्लक' जोडलं आणि आर्च_एक्सवायकडे ते नसेल, तर कॉन्फिग बनेल, इशारा वर सरकून जाईल आणि कंपाइल भलत्याच फाइलमध्ये फुटेल. सिलेक्ट होणाऱ्या सिम्बॉलवर अवलंबित्व जेवढं कमी तेवढं बरं; हॅज_आयओमेम पुरे.

मॉडपोस्टचा 'सेक्शन मिसमॅच' इशाराही सोडू नका. टायमरचं इनिट फंक्शन __इनिट असतं, बूटनंतर ती मेमरी मोकळी होते. सीपीयू हॉटप्लग किंवा रिझ्यूमच्या कॉलबॅकमधून __इनिट फंक्शन बोलावलं असेल तर बोर्ड पहिल्या सस्पेंडपर्यंत छान चालतो, नंतर नाही.

लाइन जाण्याबद्दल: अचानक बंद पडलं की शेवटच्या काही .ओ फाइली शून्य बाइटच्या राहू शकतात. पुढचा मेक त्यांना ताज्या समजतो आणि लिंक करताना विचित्र एरर देतो. मेक क्लीन करून सगळं पुन्हा बनवायची गरज नाही, फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट, आणि तसंच .सीएमडी फाइलींसाठी, मग पुन्हा मेक. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं साधन) लावून ठेवा. सोर्स आणतानाही पूर्ण इतिहास नको, गिट क्लोन --डेप्थ १, किंवा सरळ टारबॉल. एक्सझेडमधला तो साधारण दीडशे एमबीचा असतो, मोबाइल डेटावरही उतरतो.


काटोल_मेकफाइल

थोडा वेगळा सूर लावतो. मुख्य कर्नलमध्ये प्रॉम्प्ट लपवणं ठीक. पण ही ट्री यांच्या उत्पादनाची आहे, मेन्यूकॉन्फिग उघडणारे दोन-तीनच लोक असतील. ए७ च्या बोर्डाला चिपवाल्याचा टायमर लागतच नसेल तर तो काढता यायला काय हरकत? सिलेक्टऐवजी 'डिफॉल्ट आर्च_एक्सवाय' आणि प्रॉम्प्टला 'इफ एक्सपर्ट || कम्पाइल_टेस्ट'. साध्या माणसाला दिसणार नाही, जाणकाराला दिसेल. ३२ बिट आर्मवर हॅव_आर्म_आर्च_टायमरला स्वतःचा प्रॉम्प्ट आहेच की.


जिफी_वर्धा

चालेल, केकॉन्फिगच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. ४.१० पासून इम्प्लाय आहे, त्यानेही साधारण हेच साधतं: सुचवतो, सक्ती करत नाही. पण हिशेब मांडा. वाचतात काही किलोबाइट. बदल्यात ए८ साठी टायमर नसलेली इमेज बनवायची वाट उघडी राहते, आणि एकदा कोणी 'इज नॉट सेट' असलेली .कॉन्फिग जपून ठेवली की ओल्डडीफकॉन्फिग ते 'एन' तसंच पुढे नेतो, डिफॉल्ट पुन्हा विचारात येत नाही. ए७ वर नको असेल तर डिव्हाइस ट्रीत त्या नोडला स्टेटस = "डिसेबल्ड" द्या, टायमर_प्रोब त्याला ओलांडून जातो. मी सिलेक्टवरच राहीन.

हॅव_आर्म_आर्च_टायमरचा दाखला मात्र इथे फार उपयोगाचा नाही. तो बंद केला तरी बोर्डाला दुसरा टायमर असू शकतो. ए८ वर एक्सवाय_टायमरला पर्यायच नाही.

ए७ च्या आर्किटेक्टेड टायमरबद्दल एक राहिलं. तो फर्मवेअरवर विसंबतो. सीएनटीएफआरक्यू रजिस्टरात बूटलोडरने २४०००००० लिहिलेलं नसेल तर फ्रिक्वेन्सी मिळत नाही. डिव्हाइस ट्रीत क्लॉक-फ्रिक्वेन्सी देऊन भागवता येतं, पण खरा इलाज बूटलोडरमध्येच. आणि कर्नल हाइप मोडऐवजी एसव्हीसी मोडमध्ये सुरू होत असेल तर व्हर्च्युअल काउंटरचा ऑफसेट दोन कोरांवर वेगवेगळा असू शकतो. अशा वेळी 'आर्म,सीपीयू-रजिस्टर्स-नॉट-एफडब्ल्यू-कॉन्फिगर्ड' ही प्रॉपर्टी लागते. नाहीतर प्रोग्रॅम एका कोरवरून दुसऱ्यावर गेला की वेळ मागे सरकलेली दिसते.


ठिबक_मोर्शी

सिलेक्ट ठेवला आहे. एक्स८६ च्या दोन्ही बिल्ड आणि आर्मची बिल्ड स्वच्छ. .कॉन्फिगमध्ये एक्सवाय_टायमर=वाय आहे, सिस्टम.मॅपमध्ये इनिट फंक्शनही दिसतं. तरी ए८ पुन्हा 'कॅलिब्रेटिंग डिले लूप...' वरच. अर्लीकॉन (बूटच्या अगदी सुरुवातीचे संदेश दाखवणारा पर्याय) लावल्यावर वर एक ओळ दिसते: 'टायमर_प्रोब: नो मॅचिंग टायमर्स फाउंड'. 'फेल्ड टू इनिशियलाइझ' कुठेच नाही. कंपॅटिबल (नोड आणि ड्रायव्हर जुळवणारं नाव) अक्षर न् अक्षर तपासलं, जुळतं.


वाशिम_बिल्ड

कंपॅटिबल जुळत असेल आणि 'फेल्ड' येत नसेल तर इनिट फंक्शन बहुधा -ईप्रोब_डिफर परत करतंय. टायमर_प्रोब त्या एका एररवर काहीच छापत नाही, नुसता पुढे जातो. आणि नावात डिफर असलं तरी इथे पुन्हा प्रयत्न होत नाही: टाइम_इनिट सगळ्या इनिटकॉलच्या आधी चालतो, डिफर झालेल्यांची यादी ठेवणारं डिव्हाइस मॉडेल तेव्हा सुरूच झालेलं नसतं. इनिटकॉल_डीबगनेही म्हणून काही दिसणार नाही.

क्लॉकचा ड्रायव्हर ६.१२ वर आणताना प्लॅटफॉर्म ड्रायव्हर म्हणून लिहिला आहे का ते पाहा. आर्मचा टाइम_इनिट आधी ओएफ_क्लक_इनिट चालवतो, मग टायमर_प्रोब. त्या वेळी फक्त सीएलके_ओएफ_डिक्लेअरने नोंदवलेले क्लॉक तयार असतात. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचा क्लॉक अजून जन्मलेलाच नसतो, म्हणून टायमरने मागितला की 'नंतर या'. टायमरला लागणारं घड्याळ थेट २४ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरचं असेल तर सोपं आहे: डिव्हाइस ट्रीत 'फिक्स्ड-क्लॉक' नोड करा, क्लॉक-फ्रिक्वेन्सी २४००००००, आणि टायमरच्या क्लॉक्समध्ये तोच द्या. मध्ये गेट किंवा डिव्हायडर असेल तर तेवढा भाग सीएलके_ओएफ_डिक्लेअर_ड्रायव्हरने आधी नोंदवून उरलेला प्लॅटफॉर्म ड्रायव्हरकडे ठेवता येतो.

खात्रीसाठी इनिट फंक्शनच्या शेवटी परत जाणारा आकडा पीआर_एररने छापा. -५१७ दिसलं की हेच.


पऱ्हाटी३२

आन् तो सुरू झाला की लगेच कॅट /प्रॉक/टायमर_लिस्ट करून पाह्यजा. .एचरेस_अॅक्टिव्ह १ आन् .रिझोल्यूशन १ नॅनोसेकंद पाह्यजे. तिथं एचरेस ० आन् १००००००० नॅनोसेकंद दिसलं, म्हणजे एचझेड १०० ची एक टिक, तर दोनातलं एक असन. क्लॉकइव्हेंटले वनशॉट (सांगितल्या वेळी एकदाच उठवाचं) फीचर लावाचं राह्यलं, नाईतर क्लॉकसोर्स नोंदलाच गेला नाई आन् कर्नल जिफीजवर दिवस काढून राह्यला. करंट_क्लॉकसोर्स वाचलं की कोणतं ते समजते.

एक आणखीन. डिव्हाइस ट्रीत तुमच्या टायमर ब्लॉकचे दोन नोड एकाच कंपॅटिबलचे असन तर इनिट फंक्शन दोनदा चालते. ड्रायव्हरमंदी स्ट्रक्ट टायमर_ओएफ स्टॅटिक असला की दुसरा पह्यल्याले पुसून टाकते, आन् पह्यल्याचा इंटरप्ट येत राह्यते पण त्याची पोच (अॅक) दुसऱ्याच्या रजिस्टरात होते. इंटरप्टचं वादळ उठते मंग. जो लागत नाई त्याले डिसेबल्ड करून टाका.


ठिबक_मोर्शी

-५१७ च होतं. फिक्स्ड-क्लॉक दिल्यावर ए८ उठला. करंट_क्लॉकसोर्स एक्सवाय-टायमर, एचरेस १. आता सी३स्टॉप आणि ३२ किलोच्या ब्रॉडकास्टकडे वळतो. डेटाशीटमध्ये सिंक्रोनायझेशनला 'हळू घड्याळाचे २ ते ३ ठोके' दिलंय, मग मिन_डेल्टा ४ धरू का?


पऱ्हाटी३२

४ धरा. १२२ मायक्रोसेकंदाच्या आतलं व्हॉल्व्हले काही उठवाचं नाई. मीटरचे पल्स जीपीआयओ इंटरप्टवरच मोजता ना? ते टायमरनं पोल करत असान तर आधी ते बदला, नाईतर बोर्ड झोपनारच नाई.